लिस्बनच्या डॉक्टरसाहेबांना पुण्याहून पत्र

डॉ. आंतोनियो सालाझार यांस,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत, असे तुम्ही १९५१ मध्ये राज्यघटनेत लिहून घेतलेत. मग तिथे लग्नपत्रिका छापायलाही सेन्सॉरची परवानगी कशाला? मुहूर्ताच्या घटिकेत तुमच्या सरकारला कसला राजद्रोह दिसला? आणि या लाडक्या प्रांतात पाऊल ठेवायला तुम्हाला उभ्या कारकिर्दीत सवड कशी झाली नाही?

१८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले. मागणी नागरी स्वातंत्र्याची होती: लोकांना जमू द्या, बोलू द्या, छापू द्या. तुम्ही लोहियांना पकडलेत. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना तर लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालमधल्या पेनिशेच्या किल्ल्यात डांबलेत. तुम्ही अर्थशास्त्राचे प्राध्यापक! एक सभा होऊ देण्यात राज्याचे किती नुकसान झाले असते, याचा हिशेब तरी मांडायचात.

इथे पुण्यात १९५४ मध्ये गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन हद्दीत शिरले. बापट तेव्हा ७४ वर्षांचे. हातात शस्त्र कुणाच्याच नव्हते. गोऱ्यांना तुमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. आमच्या सुधाताई जोशी त्याच वर्षी म्हापशात सभेच्या अध्यक्षा म्हणून उभ्या राहिल्या, तर त्यांनाही कैद. १५ ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्यात. त्या गोळ्यांचा जाब तुम्हाला कुणी विचारला नाही, याचा संताप अजून शमलेला नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याशी मरेपर्यंत लढा, असा हुकूम तुम्ही लिस्बनमध्ये बसून सोडलात. गव्हर्नर वासालो ए सिल्वा यांनी माणसे वाचवली आणि १९ तारखेला शरणागती पत्करली. बक्षीस म्हणून तुम्ही त्यांना सैन्यातून काढलेत.

पुढचे तुम्हाला रुचणार नाही, पण ऐका. डिसेंबर १९६३ मध्ये गोवेकरांनी आपले सरकार निवडले. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचे का, असे त्यांना विचारले गेले. पुण्यात अनेकांना विलीनीकरण हवे होते. गोवेकर ‘नाही’ म्हणाले आणि ते ‘नाही’ आम्ही मानले. तुमच्या पोर्तुगालला मात्र खुल्या मतदानासाठी एप्रिल १९७५ उजाडावे लागले. तोवर तुम्हाला जाऊन पाच वर्षे होत आली होती.

एक पुणेकर