नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना विनंतीपत्र

ठाणे, श्रावण, २०२५

प्रति,
नैर्ऋत्य मोसमी वारे,
मु. पो. अरबी समुद्र.

विषय : आमच्या बाल्कनीत न येण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि. सातव्या मजल्यावरची आमची बाल्कनी पश्चिमेला तोंड करून आहे. आपण दरवर्षी तिथं येता, झड मारता, कुंड्या लवंडता. आजवर आम्ही चकार शब्द काढला नाही. यंदा मात्र नाइलाज आहे, कारण अक्षय तृतीयेला आम्ही तिथं लॅमिनेट फ्लोअरिंग बसवलं. त्या दिवशी केलेल्या कामाला क्षय नसतो म्हणतात. मुंबईतली आपली नेहमीची तारीख हवामान खात्याच्या हिशेबानं ११ जून. आपण २६ मेलाच दारात हजर. आमचं अक्षय्य सव्वीस दिवस टिकलं. सोळा दिवस आधी, न कळवता आणि तेही आडवं येणाऱ्या पाहुण्याला आमच्याकडे काय म्हणतात ते पत्रात लिहीत नाही.

वस्तूची आपल्याला कल्पना नसावी, म्हणून सांगतो. दिसायला ते ओक आहे. (ओक हे आम्हाला आजवर आडनाव म्हणूनच ठाऊक होतं.) खरं तर तो ओकचा फोटो. लाकडाचे बारीक तंतू राळेत कालवून, तापवून, दाबून आठ मिलिमीटरची फळी करतात, तिच्यावर लाकडाचं छापील चित्र चिकटवतात आणि चित्रावर मेलामाइनचा पारदर्शक थर देतात. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असल्यानं ओरखडे उठत नाहीत. १९७७ साली स्वीडनमध्ये निघालेली ही युक्ती मोठी गुणाची आहे. वर चहा सांडला तर पुसून घ्यावा, संपलं. पण आपण वर सांडून थांबत नाही. सांध्यांतून आत शिरता. भिंतीलगत सेंटिमीटरभर फट सोडली होती, ती फळ्यांना हवेबरोबर थोडं फुगायला. ती फळ्यांची जागा आहे, आपली नव्हे.

गावच्या घराचं सागवानी दार आषाढात फुगून अडतं आणि दिवाळीपर्यंत मुकाट्यानं पूर्ववत होतं. आमचा ओक तसा नाही. एकदा फुगला की फुगला. वाळला तरी कडा वर त्या वरच. आता बाल्कनीत चालताना पापडाच्या वाळवणावरून चालल्यासारखं वाटतं.

खोक्यावर ‘फक्त घरातील वापरासाठी’ असं छापलं होतं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. पण बाल्कनी घरातच असते ना? २०१६ च्या रेरा कायद्यानं तिला कार्पेट एरियातून वगळलं असेल. आमच्याकडून पैसे मोजून घेताना मात्र ती पुरेपूर घरात होती.

आता मुख्य मुद्दा, ढाळाचा. जुन्या खरबरीत फरशीला जाळीकडे थोडा उतार होता. म्हणजे आपण यायचात, जाळीतून निघून जायचात, आणि आम्हाला कुंचाही हातात घ्यावा लागत नसे. पण लॅमिनेट सपाट जमिनीवरच बसतं. जमीन खालीवर असेल तर फळ्यांचे सांधे चालताना करकरतात, सुटतात. म्हणून मिस्त्रींनी सिमेंट घालून उतार भरून काढला. वर पातळ फोम अंथरला, त्यावर फळ्या. जाळीचं काय, असं त्यांनी विचारलं होतं. ओकमध्ये ती भोकाभोकाची स्टीलची चकती फार वाईट दिसली असती. मी म्हणालो, झाका.

आई कोकणातली. ती खुर्चीत बसून हे सगळं पाहत होती. एवढंच म्हणाली, “अरे, मग पाणी जायचं कुठं?”

आपण त्याचं उत्तर दिलंत. निम्मं पाणी हॉलमध्ये आलं. उरलेलं फोमखाली मुक्कामाला राहिलं, तिथं त्याला काळी बुरशी आली, आणि आता ते सावकाश झिरपून खालच्या काकांच्या छतावर नकाशा काढतंय. काका रोज सकाळी तो नकाशा मोबाइलवर पाठवतात. आज श्रीलंका पूर्ण झाली.

तरी एक विनंती आहे. यायचं तर सरळ उभं, रेलिंगच्या बाहेरून पडावं. आपली ताकद कोणाला माहीत नाही? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझवर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर ओतलेत, ते शहर विसरलेलं नाही. साठ चौरस फुटांच्या फोटोवर ती दाखवायची गरज नव्हती.

तूर्त त्या फोटोवर आम्ही निळी ताडपत्री अंथरली आहे. ती जलरोधक आहे. चौरस फुटाला काय पडली, हे सौ. मला दिवसातून दोनदा विचारते.

कळावे. लोभ कमी करावा, ही विनंती.

आपला,
एक फ्लॅटधारक

ता. क. : मिस्त्री रविवारी येऊन जाळी मोकळी करणार आहेत. ती नेमकी कुठल्या फळीखाली आहे, हे आता फक्त आईला आठवतं.