आपलीच पोरगी

कुठंही कुणी जिंकलं की त्याला आपल्या गावचा ठरवणारा माणूस प्रत्येक तालुक्यात एक तरी असतोच. धाराशिवच्या आप्पांनी मात्र थेट विम्बल्डन गाठलंय. सानिया मिर्झा आपलीच पोरगी, हा त्यांचा दावा.

"ती कशी काय?" असं एखाद्या नवख्यानं विचारलं की आप्पा सरसावतात. "वाढली कुठं? हैदराबादला. अन् १९४८ पतुर आपण कुणात व्हतो? निजामात! म्हंजे मुलूख एकच. जन्म कुठला? मुंबईचा. म्हंजे महाराष्ट्राचा हिशेब धरा, तरी बी आपलीच!" सातबाऱ्यावरही इतकी पक्की नोंद सापडत नाही.

मग हॉटेलाच्या टेबलावर २०१५ची विम्बल्डनची महिला दुहेरीची फायनल लागते. बशी नेटपाशी, ती मार्टिना हिंगिस. कप मागं, ती सानिया. पलीकडं साखरेचा डबा आणि पाण्याचा जग, म्हणजे माकारोवा आणि वेस्निना. "तिसऱ्या सेटमधी दोन-पाच मागं! म्या म्हणलं, आई तुळजाभवानी, आता तूच बघ!" गुंडाळलेल्या पेपराचा फोरहँड बसतो, जग कलंडतो, शेजारचं गिऱ्हाईक पाय वर घेतं आणि सेट सात-पाच असा आपल्या खिशात.

हार-जितीची वाटणीही ठरलेली. २००७ साली एकेरीत जगात २७वी आली, ते आपल्या मातीचं पाणी. मनगटानं दगा दिला आणि पुढं एकेरी सोडावी लागली, तो हैदराबादच्या बिर्याणीचा दोष. ग्रँड स्लॅम सहा, तीन मिश्र दुहेरीत आणि तीन हिंगिससोबत. ती सहाच्या सहा धाराशिवची.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत शेवटच्या स्पर्धेत सानिया पहिल्याच फेरीत हरली. त्याच आठवड्यात उस्मानाबादचं धाराशिव करायला केंद्राची मंजुरी आली. आप्पांनी लगेच निकाल दिला, "निजामाचं नाव गेलं, संबंध संपला. ही हार त्येंच्याकडं लावा."

"पण आप्पा, सामना आधी झाला, मंजुरी तीन दिवसांनी आली."

"फाइल आधीच निघाली व्हती!"

हॉटेलमालकानं एकदा डिवचलं, "आप्पा, सारिका काळे तर खरीच गावची. भारताच्या खो-खो संघाची माजी कर्णधार, २०१६ला गुवाहाटीत दक्षिण आशियाई सुवर्ण, २०२०चा अर्जुन पुरस्कार. तिचं कवा सांगत नाही?"

आप्पांनी बशीतला चहा फुंकला. "हाय की. पण खो-खोच ना? त्यो तर आमी बी खेळलाव."

खरी अडचण वेगळीच. सारिका धाराशिवचीच, तिचं नातं जोडायला आप्पा कशाला लागतात?

सध्या त्यांनी ऋतुजा भोसले हाती घेतलीय. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलेली, जन्म श्रीरामपूरचा. श्रीरामपूर निजामात नव्हतं, म्हणून दोन दिवस आप्पा गप्प होते. तिसऱ्या दिवशी आले ते टेबलावर थाप मारतच, "तिकडं बी ऊस, इकडं बी ऊस. अजून काय पुरावा पायजे?"