अभ्यासापुरता लॅपटॉप

नांदेड आणि लातूर यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं सोपं नाही. विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं, रेल्वे कुठवर न्यावी, बारावीचा खरा पॅटर्न कुणाचा, यावर दोन्हीकडच्या लोकांनी मोर्चे काढले आणि लग्नाच्या पंगतीत वादही घातले. मुख्यमंत्र्यांचा हिशेब तेवढा बरोबरीत सुटला: नांदेडचे शंकरराव आणि अशोकराव, लातूरचे निलंगेकर आणि विलासराव. अशा या दोन जिल्ह्यांचं एका वाक्यावर मात्र पुरतं एकमत आहे. लॅपटॉपच्या दुकानाची पायरी चढताना बाप म्हणतो, "फक्त अभ्यासापुरता पाहिजे." मागं उभं असलेलं पोरगं तेव्हा दुकानदाराला डोळ्यांनी वेगळीच ऑर्डर देत असतं.

आम्ही नांदेडचे, बहीण लातूरला दिलेली. भाच्याच्या लॅपटॉपचा विषय निघाला तेव्हा सल्ला द्यायचा मान मामाचा आणि पैसे द्यायचा मान दाजींचा, अशी रीतसर वाटणी झाली. दाजी जिल्हा परिषदेचे मास्तर, पण औशाकडं शेती असल्यानं त्यांच्या डोक्यात रुपये चालत नाहीत, सोयाबीन चालतं. चाळीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं साडेसात क्विंटल. हमीभाव कागदावरचा, आडतीत त्या हंगामात भाव बराच खाली होता, म्हणजे नऊच्या पुढं. चाळीस हजारांतला जीएसटी १८ टक्के, सहा हजारांच्या वर, निम्मा केंद्राला आणि निम्मा राज्याला. दाजींनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "म्हणजे एक कट्टा दिल्लीला अन् एक मुंबईला चाललाय की!" अर्थसंकल्पावरची इतकी सुटसुटीत चर्चा मी टीव्हीवर ऐकलेली नाही.

आता अभ्यासाचं. लातूरचं शाहू कॉलेज, दयानंद, नांदेडचं यशवंत, आणि त्यांच्याभोवती वाढलेले क्लासेस, अभ्यासिका, मेसचे डबे, एकेका घरावर चढलेले दोन-दोन मजले, हा सगळा पसारा मुख्यतः डॉक्टर व्हायच्या परीक्षेवर उभा राहिला. ती नीट परीक्षा वर्षानुवर्षं झाली कशी, तर कागदावर, काळ्या बॉलपेनानं गोल भरून. म्हणजे महाराष्ट्रात जिथं पोरं सगळ्यात जास्त अभ्यास करतात, त्या गल्ल्यांत अभ्यासाला लॅपटॉपची फारशी गरजच पडली नाही! गरज पडते इंजिनिअरिंगवाल्यांना. जेईई मेन आणि राज्याची सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर आहेत. सराव परीक्षा त्याच पडद्यावर दिलेली बरी. पुढं विष्णुपुरीच्या एसजीजीएसला किंवा आणखी कुठं नंबर लागला, की लॅपटॉप वह्यांइतकाच लागतो. भाचा त्याच वाटेवरचा. पण त्यानं मला फोन करून पहिला प्रश्न विचारला तो असा: "मामा, व्हॅलोरंट गेम चालंल का त्याच्यावर?"

मी दाजींना हे सांगितलं नाही. मामाच्या हुद्द्याला काही गोपनीयता असते.

खरेदी कुठं करायची यावर महिना गेला. लातूरचा माणूस मोठ्या खरेदीला पुण्याकडं तोंड करतो, नांदेडचा हैदराबादकडं. आमच्याकडं देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला उतरून चिनॉय ट्रेड सेंटरमधून कॉम्प्युटर आणलेले शूर अजून हयात आहेत. दोन हजार वाचवायला दीड हजार भाडं आणि शंभराची बिर्याणी, आणि बिघाड झाला की यंत्र पुन्हा त्याच गाडीनं. गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात. दाजींनी तिथं एक चक्कर मारली आणि प्रत्येक रस्त्यानं एक सल्लागार आला. कुणाचा मेहुणा म्हणे चार जीबीवर सगळं करतो, कुणाचा पुतण्या अमेरिकेतून आणून देतो. शेवटी गावातच घ्यायचं ठरलं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का, हा एक प्रश्न त्या सगळ्या सल्ल्यांना भारी पडला.

दुकानात गेल्यावर मात्र मजा आली. दाजींनी स्वस्तातला दाखवा म्हटलं. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, किंमत वीस-बावीस हजार. दिसायला छान, हलका, चंदेरी. भाच्याचा चेहरा पडला. दुकानदार जाणता होता. तो दाजींना म्हणाला, "काका, रॅम म्हणजे मोंढ्यातलं पटांगण बघा. आतलं गोदाम कितीबी मोठं असू द्या, पटांगणच चार गाड्यांचं असलं तर पाचवी गाडी रस्त्यावर उभी ऱ्हाती. अन् रस्ता जाम." दाजींनी आयुष्यभर मोंढ्यात गाड्या लावलेल्या. रॅम हा विषय त्यांना तिथंच कळला.

आता माझं मत सांगतो, मामा म्हणून नव्हे तर करदाता म्हणून. 'फक्त अभ्यासापुरता' म्हणून घेतलेला लॅपटॉप अभ्यासालाच पुरत नाही. पहिलं वर्ष तो चालतो, दुसऱ्या वर्षी रांगतो. विंडोजचे अपडेट येतात, ब्राउझरचे दहा टॅब उघडे राहतात, ऑनलाइन तासिका चालू असताना पीडीएफ उघडली की बाण गोल फिरू लागतो. याउलट ज्या घरात पोरानं गेमचा हट्ट धरला, तिथं ८ जीबी रॅम आली, आणखी एक पट्टी बसवायला रिकामी जागा आली, फिरत्या चकतीच्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी आली, बऱ्यापैकी आय-थ्री किंवा रायझन आला. या चार गोष्टींनी यंत्र कॉलेजची चार वर्षं काढतं. पोराच्या मनात बंदुका होत्या, पण घराचा फायदा झाला. चैनीनं गरजेला दिलेला हा हात आहे, आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही.

व्हॅलोरंट २०२० साली आला तोच साध्या यंत्रांवर चालावा अशा बेतानं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स असलं, तरी चित्राचा दर्जा खाली उतरवून तो खेळता येतो. जीटीए व्हाइस सिटी तर २००२ ची. ती आजच्या कुठल्याही लॅपटॉपला चणे-फुटाणे. साठ-सत्तर हजारांचं 'गेमिंग' पाटी लावलेलं यंत्र, लाल दिव्यांचा कीबोर्ड, विटेएवढा चार्जर, हे आपल्याला नको. आमच्या भाच्यालाही ते नको होतं. कमी पैशात गेम बसवण्याचा त्याचा अभ्यास इतका पक्का होता की तेवढा त्यानं रसायनशास्त्राचा केला असता तर दाजींनी स्वतःहून लाल दिवे लावून दिले असते.

गेमला नावं ठेवणाऱ्या दाजींना मी त्यांचीच आठवण करून दिली. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी २००१ साली निघाला आणि पुढं तो नोकरीला आवश्यक झाला, तेव्हा जिल्ह्यातले मास्तर संध्याकाळी क्लासला जाऊन बसू लागले. दाजींच्या हातात माऊस थरथरायचा. सरळ आला कसा? सॉलिटेअर खेळून. पत्ता धरायचा, ओढायचा, सोडायचा. मायक्रोसॉफ्टनं १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर हा पत्त्यांचा डाव दिला, त्याचं एक कारण लोकांचा हात माऊसवर बसावा हेच होतं. त्याच क्लासात मागच्या बाकावर रोड रॅश चालायचा आणि पुढच्या बाकावरचे मास्तर मान वळवून बघायचे. हे ऐकून दाजी गप्प झाले आणि त्यांनी चहा मागवला.

जुने, पुन्हा नीट करून विकलेले लॅपटॉपही पाहिले. कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड आणि लॅटिट्यूड पंधरा-वीस हजारांत मिळतात, बांधणी अशी की पोरगं पडेल पण यंत्र टिकेल. घ्यायला हरकत नाही. फक्त प्रोसेसरची पिढी बघायची. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चढत नाही. सहाव्या-सातव्या पिढीचं यंत्र स्वस्त मिळतं ते याच कारणानं. त्यातच २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव चढले, कारण एआयच्या मोठमोठ्या सर्व्हरना तीच लागते. कुठल्या तरी देशातला सर्व्हर आमच्या भाच्याची रॅम खातोय, हे दाजींना पटवणं अवघड गेलं. "त्याचं काय घोडं मारलं आम्ही?" असं त्यांनी विचारलं. उत्तर माझ्याकडं नव्हतं.

अखेर ८ जीबीचा आय-थ्री घरी आला. पहिला महिना तो घरच्या कुणाच्याच कामी आला नाही, कारण गल्लीला बातमी लागली. शेजारच्या काकूंच्या मुलीचा महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, चुलत्यांचा डिजिटल सातबारा, पीक विम्याचा अर्ज, कुणाचा तरी फोटो जो पन्नास केबीच्या आत बसायला तयार नाही. भाचा फोटो बारीक करण्यात असा तरबेज झाला की गल्लीत त्याला आता 'सेतुवाले' म्हणतात. बहीण प्रत्येकाला चहा करते. लॅपटॉप स्वस्त, साखर महाग.

मे महिन्यात नवाच प्रकार. पारा ४२-४३, त्यात पोरगं गादीवर लॅपटॉप ठेवून खेळतं. गादीनं खालची जाळी बंद, पंखा घरघरतो, आणि गरम झालेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. गेम अडखळायला लागला तसा भाचा म्हणाला, "मामा, हे स्लो चालायलाय." बहिणीनं स्वयंपाकघरातून परात आणून उलटी घातली आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला. अडखळणं कमी झालं. हजार रुपयांचा कूलिंग पॅड वाचला, मात्र भाकरीच्या वेळी गेम थांबवावा लागतो, आणि तो थांबतोही.

तेव्हा दाजी मंडळींना एक विनंती. दुकानात जायच्या आदल्या रात्री पोराकडून त्याच्या गेमची यादी मागून घ्या, न ओरडता. ती खिशात ठेवा आणि दुकानदाराला तीच दाखवा; अभ्यास त्यात आपोआप बसेल. बिल पक्कं घ्या, वॉरंटीची तारीख त्यावर लिहून घ्या, आणि सोयाबीन विकल्यावरच जा, उधारीवर नको.