शिव शिव! भजनी मंडळानेसुद्धा कीबोर्ड घेतला

ऐकलंत ना? की तुमच्या विंगेपर्यंत अजून पोचलंच नाही? आमच्या सोसायटीतल्या महिला भजनी मंडळाने कीबोर्ड घेतला. लपूनछपून नव्हे, चांगली वर्गणी काढून! एकादशीला पांडुरंगासमोर दोन हात लांबीचं काळं प्लास्टिक मांडलं आणि त्यातून आधी तानपुरा, मागोमाग तबला, मग बासरी अशी सगळी मंडळी बाहेर पडली. ना कुणाला फुंकावं लागलं, ना कुणाचा पंजा दुखला. ‘रूप पाहता लोचनी’ म्हणायच्या ऐवजी निम्म्या बायका त्या डब्याचे लाल दिवेच पाहत बसल्या होत्या म्हणे.

बरं, ही साथ काही एका मंडळापुरती नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका रोज दुपारी, ऐन वामकुक्षीच्या वेळी, एका बोटाने जुनी गाणी शोधत असतात. चौथीतल्या पोरांना बुद्धिबळाचा क्लास बंद करून कीबोर्डचा लावलाय. परवा तर एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाने स्वतः वाजवलं. वधूपक्ष अजून सावरलेला नाही.

सगळ्यांत जास्त संताप कुणाला झाला असेल तर पेटीवाल्यांना. ‘परकी डबडी! मींड नाही, श्रुती नाही, बारा सुरांच्या खुंटीला संगीत टांगून ठेवलंय!’ हे ऐकून मान डोलवायची आणि मनातल्या मनात हसायचं. कारण पेटी तरी कुठे आळंदीला जन्मली? 1842 साली पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ नावाच्या गृहस्थाने तिचं पेटंट घेतलं. ती आपल्याकडे आली, संगीत नाटकाने तिला मांडीवर घेतलं, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला बोलतं केलं. आणि तरीही 1940 साली आकाशवाणीने तिला दारातून हाकललं. आरोप अक्षरशः हेच होते: मींड नाही, श्रुती नाही, परकी. 1971 पर्यंत ती बंदी टिकली. तीस वर्षं सासुरवास सोसलेली सूनच आता सासू होऊन बसली आहे, दुसरं काय! ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटी घडवली, तेवढ्यांना बोलायचा अधिकार आहे. बाकीच्यांनी जरा दमानं घ्यावं.

शिवाय, सोवळ्यातल्या मंडळींना हळूच सांगते. 1954 च्या ‘नागिन’मधली ती बीन आठवते? जिच्यावर अख्ख्या देशाने रुमाल दातांत धरून नागीण डान्स केला आणि अजूनही वरातीत करतो? ती बीन नव्हतीच. कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलिन होतं, म्हणजे या कीबोर्डाचीच विजेवर चालणारी पणजी. आणि 1982 साली मुंबईच्या चरणजित सिंगांनी रोलंडच्या यंत्रांवर चक्क डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले, त्यात भैरवही होता! तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. 2010 मध्ये ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडचे लोक वेडे झाले. आपण मात्र अजून सोसायटीच्या पायरीवर बसून ‘कुठे नेऊन ठेवलाय अभंग आमचा’ करतोय.

तर मुद्दा कीबोर्ड घ्यावा की नाही हा राहिलेलाच नाही. खरी खमंग गोष्ट आहे ती लोक घेतात कसा ही.

दुकानात काय चालतं माहीत आहे? काउंटरवरचा मुलगा डेमोचं बटण दाबतो आणि हात मागे बांधून उभा राहतो. आत ड्रम, बेस, गिटार, व्हायोलिनचा ताफा सुटतो. मग तो डाव्या हाताच्या एका बोटाने एकच पट्टी दाबतो, आणि सगळा ताफा त्या पट्टीत वाजू लागतो. काकूंचे डोळे विस्फारतात. काकांचा हात पाकिटाकडे जातो. घरी आल्यावर कळतं की डेमो संपला की डबा गप्प बसतो. पुढचं आपल्यालाच वाजवायचं असतं.

आणि खोक्यावरचे आकडे! ‘चारशे टोन आहेत हो यात.’ अहो, चारशे टोन करायचेत काय? महिनाभराने माणूस पियानो, बासरी, स्ट्रिंग्ज आणि चुकून सापडलेला हेलिकॉप्टर या चारांवर येतो. कॅसिओचे सीटी-एस 200 आणि सीटी-एस 300 ही भावंडं पाहा. दोघांतही 400 टोन, 77 ठेके, 61 पट्ट्या. वजन सारखं, वरती धरायला सारखीच मूठ, सहा पेन्सिल सेलवर दोघेही चालतात. मग धाकटा स्वस्त म्हणून लोक तोच उचलतात. पण थोरल्याला दोन गोष्टी जास्त आहेत आणि संगीत नेमकं त्या दोहोंतच आहे. एक, टच: हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात. धाकट्याला तुम्ही कुरवाळा नाहीतर बुक्की मारा, आवाज तेवढाच. दुसरी, डाव्या बाजूची पिच बेंडची चकती, जी फिरवली की सूर पुढच्या सुराकडे घसरत जातो. मींड नाही म्हणून गळा काढणाऱ्यांना ही चकती कुणी दाखवतच नाही! खरी मींड नव्हे ती, पण मींडेच्या गल्लीत तरी नेऊन सोडते. थोडेसे पैसे वाचवण्यासाठी लोक पोराची बोटंच मुकी करतात आणि वर वर्षाने म्हणतात, ‘याच्या वाजवण्यात भाव नाही हो.’

वाढदिवसाला मिळणाऱ्या 32 बारक्या पट्ट्यांच्या खेळण्याबद्दल तर न बोललेलं बरं. चार वर्षांच्या पोराला ते ठीक. पण ‘आधी यावर शिकू दे, मग मोठा घेऊ’ म्हणणारे आईबाप भेटले की मी विषय बदलते. त्या पट्ट्यांवर बसलेली बोटं मोठ्या पट्ट्यांवर गेली की पाच सूर पकडायला जातात आणि तीनच हाती लागतात. पूर्ण मापाच्या 61 पट्ट्या, टच, पायाखालच्या पेडलसाठी एक भोक आणि हेडफोनची जागा. शिकणाऱ्याला एवढंच लागतं. हेडफोन शिकणाऱ्यासाठी नाही, शेजाऱ्यांसाठी.

आता तुम्ही म्हणाल, भजनी मंडळाने मग चूक केली का? मुळीच नाही! बायका वस्ताद निघाल्या. त्यांनी इंडियन मॉडेल घेतलं. यामाहाची पीएसआर-आय मालिका आणि कॅसिओची शेवटी ‘आयएन’ लावलेली मॉडेलं खास आपल्यासाठी काढलेली. तानपुरा आत, तबला आत, केहेरवा-दादरा आत. किंमत शिकाऊ डब्यापेक्षा बरीच वर. पण तबलजी वेळेवर येतो, चहा मागत नाही आणि मध्येच दुबईला जात नाही. एक गोम मात्र आहे. एका वेळी किती सूर वाजू शकतात याला मर्यादा असते: 32, 48, 64. तानपुरा सुरू, ठेका सुरू, वरून तीन सुरांचा कॉर्ड, त्यात पेडल दाबून धरलेलं, की आतला कारकून जुने सूर परस्पर रद्द करायला लागतो. गजराच्या ऐन भरात तानपुऱ्याची एक तार गायब होते ती त्यामुळे. मंडळाच्या अध्यक्षा मात्र वीज खात्याला बोल लावतात.

याच्या उलट आमच्या ओळखीतल्या एका भाच्याची कथा. इंजिनियरिंगला आहे, त्यामुळे सल्ला कुणाचा घेणार? थेट रोलंडचा एक्सपीएस-10 आणला. चाळीस-पन्नास हजारांचा मामला. घरी पूजा झाली, नारळ फुटला, बटण दाबलं. शांतता! कारण त्यात स्पीकरच नसतो. सिंथेसायझर तो, त्याला बाहेरून अँप लागतो. बरं, अँप आला, तर एका बोटावर चालणारा ताफा कुठाय? तर तोही नाही. एका बोटाने ऑर्केस्ट्रा वाजवणारा तो अरेंजर, आणि आवाज घडवून स्टेजवर पुरवणारा हा सिंथ. शिकाऊ माणसाने सिंथ घेणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं, आणि भाच्याच्या आईने ते साऱ्या बिल्डिंगला पोटभर करू दिलं.

पण तोच एक्सपीएस-10 धंदेवाल्याच्या हातात बघा. ऑर्केस्ट्रावाले, बेंजो पार्टीवाले, लावणीच्या फडावरचे गेली कित्येक वर्षं याच्यावर फिदा आहेत. वजनाला हलका, त्यामुळे लोकलच्या लगेज डब्यात बसतो. पेन ड्राइव्हवरून हवा तो आवाज पॅडला लावता येतो. आणि इथेच ती खरी बातमी! टोनचा बाजार भरतो, बाजार! हलगीचा पॅक, संबळाचा पॅक, सनईचा पॅक व्हॉट्सअॅपवर विकतात. ज्याने उभ्या जन्मात संबळ हातात घेतला नाही तो देवीच्या गोंधळात संबळ वाजवून नाईटचे पैसे घेऊन जातो, आणि संबळवाला मंडपाच्या दारात बिडी ओढत ऐकत असतो. त्याला विचारलं तर म्हणतो, ‘बरा वाजवतोय, पण वास नाय त्याला.’

बेंजो टोनची भानगड तर ऐकाच. 1912 साली जपानच्या नागोया शहरात ताइशोगोतो नावाचं वाद्य निघालं: तारा आणि वर टाइपरायटरसारख्या कळी. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत, लालबाग-परळच्या मिरवणुकांत बेंजो म्हणून नांदलं. आता जपानी कंपन्यांच्या कीबोर्डात आपली पोरं तोच बेंजोचा आवाज भरून गणपतीत वाजवतात. शंभर वर्षांत माल फिरून पुन्हा जपानी डब्यात!

धंदेवाल्यांतही लफडी कमी नाहीत. सगळ्यांत मोठं लफडं ट्रान्स्पोजच्या बटणाचं. गायक काळी दोनमध्ये गातोय, आणि आमचे महाशय निवांत पांढरी एकवर बसलेत. बटणाने तीन पायऱ्या वर चढवल्या की झालं. बारा पट्ट्यांचा रियाज कोण करतो? जुने वादक याला उघड उघड व्यभिचार म्हणतात. मग एखाद्या रात्री काय होतं: गायिकेसाठी काळी चार करायला चार पायऱ्या उतरवलेलं बटण तसंच राहतं, पुढचा गायक काळी एकला तयार, आणि सुरुवातीचं म्युझिक पाताळातून निघतं. गायक पहिला शब्द उचलतो, कीबोर्डवाला घामाघूम बटण शोधतो, ढोलकीवाला मान खाली घालून हसू दाबतो. प्रेक्षकांना वाटतं, काहीतरी नवीन प्रयोग आहे.

म्हणून धंद्याचा कीबोर्ड घेताना जुनी माणसं टोन मोजतच नाहीत. ती मागची बाजू बघतात. स्वस्त डब्याला बाहेर आवाज न्यायला फक्त हेडफोनचं भोक असतं, आणि त्यात जॅक घातला की डब्याचे स्वतःचे स्पीकर बंद. म्हणजे हजार माणसं ऐकतायत आणि वाजवणाऱ्यालाच स्वतःचं ऐकू येत नाही, जोवर साउंडवाला मेहेरबानी करून मॉनिटर देत नाही. लाइन आउटची वेगळी जागा हवी. एका बटणात बासरीवरून स्ट्रिंग्जवर जाता यायला हवं, नाहीतर अंतरा येईस्तोवर माणूस मेनूच चाळत बसतो. आणि अडॅप्टर! तो कुणाचा कुणाला चालत नाही. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांना बारा व्होल्टचा लागतो, कॅसिओच्या बऱ्याच मॉडेलांना साडेनऊचा, आणि जुन्या कॅसिओचे काही तर नऊचे, वर ध्रुव उलटे. तरी दर सीझनला कुणीतरी ‘पिन बसतेय ना, मग लाव’ म्हणतंच. मग पिन बसते आणि डबाही बसतो.

नवीन परवडत नसेल तर सेकंडहँडवर डोळा ठेवावा, आणि मुहूर्त अनंत चतुर्दशीनंतरचा. तेव्हा निम्मी मुंबई डबे विकायला काढते. फोटोवर भाळू नये. एकेक पट्टी खालपासून वरपर्यंत आधी हळू, मग जोरात दाबून बघावी. टचवाल्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा जुळायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र टच ओळखतं. त्यात धूळ गेली की सगळ्या पट्ट्या सज्जनासारख्या बोलतात आणि मधलीच एक किंचाळते. विकणारा म्हणेल, ‘घरातच वापरलाय हो, मुलीने शिकायला घेतला होता.’ आपण फक्त पट्ट्यांच्या फटीत मोबाइलचा उजेड मारायचा. आत गुलाबी दिसलं की तो डबा टेम्पोवर दहा दिवस नाचून आलेला आहे. तिथल्या तिथे तीन हजार कमी सांगायचे, आणि मुलीच्या प्रगतीची चौकशी करायची.