ठिपका लाल, सबब वॉरंटी बाद

सेवेशी,
मोबाईल सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरील मुख्य तंत्रज्ञ महोदय,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, दर पावसाळ्यात आपल्या काउंटरवर जे न्यायदान चालते, त्याचा यथोचित गौरव अजून कोणी केलेला नाही. ग्राहक सेट पुढे ठेवतो आणि ‘चार्जच होत नाही’ म्हणतो. आपण पिनेने सिमचा ट्रे ओढता, खाचेत टॉर्च मारता आणि आत चिकटवलेला, मुळात पांढरा असलेला ठिपका लाल दिसला की निकाल जाहीर करता: लिक्विड डॅमेज, वॉरंटी बाद. आरोप कंपनीचा, साक्षीदार कंपनीने चिकटवलेला, न्यायाधीश कंपनीने नेमलेला, आणि निकालपत्र म्हणजे नव्या मदरबोर्डचे एस्टिमेट. तारीख पडत नाही, वकील लागत नाही, आरोपीचे म्हणणे नोंदवून घ्यावे लागत नाही. तपासणी फी मात्र बहुधा लागते.

त्या ठिपक्याविषयी मला आदर आहे, पण त्याची साक्ष फार तोकडी आहे. तो जिथे चिकटवला आहे तिथे कधीतरी ओल पोचली, एवढेच तो सांगतो. केव्हा पोचली, किती पोचली, पुढे बोर्डापर्यंत गेली की खाचेतच सुकली, यातले त्याला काही ठाऊक नसते. फोन त्या ओलीनेच बिघडला का, हा तर त्याच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न. पाण्याने खरोखर बोर्ड बिघडतो तेव्हा खुणा राहतात. पाण्यातले क्षार आणि बोर्डातली वीज मिळून तांबे खातात, जोडांभोवती हिरवट-पांढरा थर धरतो, कनेक्टरच्या पिना काळवंडतात. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर टपरी टाकून बसलेला दुरुस्तीवाला सेट उघडतो, बोर्ड भिंगाखाली धरतो आणि ‘हे बघा, इथं खाल्लंय’ म्हणून बोट ठेवतो. आपल्याकडे त्याच्याहून महागडी साधने आहेत; ठिपका लाल निघाला की ती वापरायची गरजच संपते, एवढेच. मग तक्रार फाटक्या आवाजाच्या स्पीकरची असो, फुगलेल्या बॅटरीची असो, की अमोलेड पडद्यावर उमटलेल्या उभ्या हिरव्या रेघेची. ही रेघ गेल्या काही वर्षांत कोरड्या ठणठणीत फोनांवरही इतकी दिसली की काही कंपन्यांनी वॉरंटी संपलेल्या सेटचे पडदेसुद्धा फुकट बदलून दिले. पण सिमच्या खाचेत लाली असेल तर रेघेचे कारणही पाणीच. संपर्क सिद्ध झाला की कारण आपोआप सिद्ध झाले, असे मानणारे शास्त्र आपल्या काउंटरखेरीज कुठे शिकवले जात असेल असे वाटत नाही.

यावर आपले ठरलेले उत्तर आहे: ठिपका हवेतल्या दमटपणाने लाल होत नाही, त्याला प्रत्यक्ष पाणीच लागते. ॲपलही आपल्या माहितीपत्रात सांगते की, फोनसाठी नेमून दिलेल्या हवामानाच्या मर्यादेत असेपर्यंत ठिपका रंग बदलत नाही. ठीक. मग ती मर्यादा पाहू. आयफोनच्या तपशिलात सापेक्ष आर्द्रता ५ ते ९५ टक्के दिलेली आहे, पण दव न धरणारी. मुंबईत जुलै महिन्यात हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशांवर थंड केलेल्या ऑफिसातून बाहेर पाऊल टाकणाऱ्याच्या चष्म्याची काच धुरकटते ती यामुळेच, आणि त्याच्या हातातला फोनही त्याच हवेत आलेला असतो. म्हणजे ‘दव न धरणारी’ ही अट किनारपट्टीवरचा नोकरदार पावसाळाभर रोज संध्याकाळी, काहीही वावगे न करता मोडतो. (त्याच तपशिलात वापरासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगितले आहे. चंद्रपूरकरांनी एप्रिल-मेमध्ये फोन बंद करून कपाटात ठेवावा, एवढे स्पष्ट लिहायचे राहून गेले.) अशा दवाने ठिपका दर वेळी लाल होतोच, असे मी म्हणत नाही. पण होऊच शकत नाही, हे ज्याला वॉरंटी नाकारायची आहे त्याने दाखवायला हवे. शिवाय या ठिपक्याचा पूर्वेतिहास फारसा चांगला नाही. सुरुवातीच्या आयफोन आणि आयपॉड टचची वॉरंटी याच ठिपक्याच्या जोरावर नाकारल्याबद्दल अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. ती पट्टी बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीनेच, नुसत्या ओलसर हवेनेही रंग पालटायला सुरुवात होऊ शकते, असे म्हटल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. अखेर २०१३ मध्ये ॲपलने ५ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. आता पट्टी सुधारली आहे, असे आपण म्हणाल. असेलही. पण जुनी पट्टीसुद्धा काउंटरवर इतक्याच छातीठोकपणे वाचली जात होती.

आता ज्याने खरी आग होते त्याकडे येतो. हाच फोन विकताना तो जाहिरातीत कुठे असतो? स्विमिंग पूलमध्ये, समुद्राच्या लाटेवर, धो धो पावसात. खोक्यावर आयपी ६८ असे झळकते. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातले ते आकडे आहेत. दुसरा आकडा ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ असेल तर त्याहून कठीण परीक्षा, पण खोली आणि वेळ किती, हे उत्पादकाने ठरवायचे. पेपर कंपनी काढते आणि गुणपत्रिका जाहिरातीत छापते. परीक्षा होते ती नव्या कोऱ्या सेटची, प्रयोगशाळेतल्या स्थिर, स्वच्छ पाण्यात. घाम, साबण, चहा आणि समुद्र अभ्यासक्रमाबाहेर. आणि एवढे होऊनही बारीक टायपात लिहिलेले असते की, द्रवामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला तो नेमका या जोडीसाठी: पाणी सोसण्याची जाहिरात करताना ती क्षमता प्रयोगशाळेतल्या अटींपुरतीच आहे हे ठळक न सांगणे, आणि नंतर द्रवाचे कारण देऊन वॉरंटी नाकारणे. ऑस्ट्रेलियात फेडरल कोर्टाने जून २०२२ मध्ये सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले. पूल आणि समुद्रात फोन दाखवणाऱ्या २०१६ ते २०१८ मधल्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या होत्या आणि ओला पोर्ट सुकण्याआधी चार्जिंगला लावल्यास तो गंजून निकामी होऊ शकत होता, हे तिथे कंपनीने मान्य केले. आपल्याकडे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी जास्तीत जास्त १० लाख रुपये दंड. तेवढ्यात त्याच कंपनीचे सर्वांत महागडे दहा हँडसेटही येणार नाहीत. ही लबाडी आहे, महोदय. पाण्याच्या भरवशावर दहा-वीस हजार जास्त घ्यायचे आणि पाण्याचे नाव निघताच हात वर करायचे, याला दुसरे नाव द्यायला माझ्याकडचा उपरोध पुरत नाही.

आपल्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नव्हे. लोक खोटे बोलतात. कमोडमध्ये पडलेला सेट तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवतात आणि मग ‘आपोआपच बंद पडला’ म्हणत येतात. अशांना फुकट बोर्ड द्यावा, असे मी कधीच म्हणणार नाही. पण खोटारड्याला पकडायचा मार्ग साधा आहे: सेट उघडा, गंज दाखवा, बिघडलेल्या भागाचा फोटो काढा आणि लेखी द्या की बिघाड यामुळे झाला. तेवढे केलेत तर तो खोटारडाही काउंटरवर हुज्जत घालणार नाही. कालांतराने सील झिजते आणि पाणी सोसण्याची ताकद कमी होते, हा दुसरा मुद्दाही खरा आहे. मग किती महिन्यांत झिजते, ते जाहिरातीत त्या लाटेशेजारी लिहा. वॉरंटी तर वर्षाचीच देता. पाणी वॉरंटीत घेतले तर फोन महागतील, हा तिसरा युक्तिवाद मला विशेष आवडतो, कारण पाण्याचा हिशेब कंपन्यांनी कधीच मांडून ठेवला आहे. वेगळे पैसे भरून जी संरक्षण योजना मिळते, तिच्यात द्रवाने झालेले नुकसान बसते. ती घेतलेली असेल तर त्याच काउंटरवर तोच लाल ठिपका कोणाला खुपत नाही. ठरलेले शुल्क भरले की काम होते. म्हणजे पाण्याची जोखीम मोजता येते, तिची किंमतही ठरली आहे. ती किंमत एकदा जाहिरातीच्या नावाखाली फोनमध्ये आणि एकदा योजनेच्या नावाखाली वेगळी, अशी दोनदा वसूल होते.

इथवर आलो आणि जाणवले की, हे सगळे मी भलत्याच माणसाला सुनावतो आहे. जाहिरातीतली लाट आपण काढली नाही, अटी आपण लिहिल्या नाहीत. आपले सेंटर अधिकृत असले तरी बहुधा कंपनीचे नसते, कंत्राटावर चालते. वॉरंटीतल्या कामाचे पैसे कंपनीकडून यायचे असतात आणि कंपनीने दावा फेटाळला तर भुर्दंड सेंटरला. पोर्टलवर ठिपक्याचा फोटो चढवायचा, तो लाल असेल तर पुढचा रकाना उघडतच नाही. आपल्याला भिंग घेऊन दोन तास बोर्ड पाहायची इच्छा असली तरी त्या दोन तासांचे पैसे कोणी देत नाही. शिव्या मात्र दिवसभर आपणच खायच्या, तोंडावर, तेही ज्यांनी नियम केले त्यांच्या वाटच्या. तेव्हा महोदय, हे पत्र फाडू नका, वर पाठवा. सोबत माझी मागणीही जोडा: बिघाडाचे कारण फोटोसह लेखी दिल्याशिवाय द्रवाच्या नावावर वॉरंटी नाकारता येऊ नये, आणि ज्या खोलीची व ज्या वेळेची जाहिरात केली, तिथवर पाण्याची जबाबदारी वॉरंटीच्या काळात कंपनीचीच राहावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० पासून अस्तित्वात आहे. एवढा नियम घालायला आणखी किती पावसाळे हवेत, ते त्यांनी सांगावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बिघाड होईपर्यंत वॉरंटीत असलेला एक ग्राहक

ता. क. (वाचकांसाठी): सेट काउंटरवर देण्यापूर्वी सिमच्या खाचेतल्या ठिपक्याचा स्वतः फोटो काढा. जॉबशीटवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या आणि नकाराचे कारण लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे न भागल्यास आपण राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिला फी नाही. कलम ३८ प्रमाणे आयोग फोन प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्या चाचणीचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगितला जाऊ शकतो, हे धरून चला. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.