ब्रांच काय घेणार?

एमबीबीएस झालेल्या मुलाला लग्नकार्यात कोणी 'जेवलास का' विचारत नाही. थेट विचारतात, 'ब्रांच काय घेणार?' आमच्या इमारतीतल्या इंटर्नकडे याचं उत्तर कायम तयार. फक्त ते पोस्टिंगप्रमाणे बदलतं.

सर्जरीच्या सहा आठवड्यांत तो सर्जन होता. तीन तास रिट्रॅक्टर धरून उभा राहिल्यावर सर मान वर न करता "बरा धरतोस" म्हणाले. एवढ्यावर गड्याने आयुष्य वाहून टाकलं. कांदा चिरणाऱ्या आईला 'इन्सिजन कुठे घ्यायचं' ते शिकवू लागला. ऑर्थोचे आठवडे दोनच, पण तेवढ्यात जिमची वर्षाची फी भरून झाली. लेबर रूममध्ये बाळाचा पहिला टाहो ऐकला आणि डोळे भरून आले. गायनॅक पक्कं! पहाटेपर्यंत रांगेने बाळंतिणी येतच राहिल्या, सकाळी डोळे मिटू लागले आणि गायनॅक सुटलं.

खरं गाढ प्रेम जडलं ते त्वचारोगावर, जिथे नेमणूक जेमतेम आठवड्याची. खाज सुटली म्हणून रात्री दोनला कोणी दार ठोठावत नाही, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर बुद्धाची शांती पसरली. कम्युनिटी मेडिसिनला बारा आठवडे देऊनही मन काही गुंतलं नाही. गावंच्या गावं निरोगी ठेवणाऱ्या विषयाला सासुरवास आणि डाग घालवणाऱ्याला रांगा, हे मला कधी पटलेलं नाही. पण मला कोण विचारतो?

घरचं कौन्सेलिंग वेगळंच. वडील तालुक्याला जनरल प्रॅक्टिस करतात. दवाखान्यावर मजला चढवून त्यांनी पाटीवर एमडीपुढच्या कंसाएवढी जागा मोकळी सोडली आहे. त्यांना रेडिओलॉजी हवी. इमर्जन्सी कमी, नातेवाइकांची हाणामारी कमी. मग मशीनची किंमत कळते, त्यावर पीसीपीएनडीटीचे एफ फॉर्म आठवतात आणि ते चहा मागतात. आईचा हिशेब स्थळांचा. मुलगी पीडियाट्रिक्सची पाहायची, म्हणून याने गायनॅकच घ्यावं. "बाळंतपणं खालच्या मजल्यावर, लसी वर. बाहेरचा माणूस लागायला नको." आजी म्हणते, "पुरुषमाणसाने कशाला ते? तू आपला छातीचा डॉक्टर हो." छातीचा म्हणजे हृदयाचा की फुप्फुसाचा, हे ती ठरवायची आहे.

हे सगळं चाललेलं असताना परीक्षा झाली. २०० प्रश्न, ८०० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा आणि देशभरातून दोन लाखांहून अधिक उमेदवार. रँक आली तशी घरातली चर्चा थंडावली. वडिलांनी कॅलेंडरच्या मागे लिहिलेली पसंतीची यादी वरून खाली सरकू लागली. रेडिओलॉजी गेली, त्वचा गेली, मेडिसिन गेलं. केंद्रीय कोट्याच्या पहिल्या फेरीत हाती लागला अ‍ॅनेस्थेशिया.

"म्हणजे तू नुसती भूल देणार? मग डॉक्टर कधी होणार?" मावशीने विचारलं.

त्या दिवसापासून तो भुलीचा प्रवक्ता झाला आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथर देऊन दाखवला नसता, तर आजही चार जणांनी दाबून धरलं असतं तुम्हाला, असं तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवतो. सर्जन कापतो, पण पेशंटचा श्वास कोण सांभाळतो? ओटीचा खरा राजा कोण? "मला तर दुसऱ्या वर्षापासून हेच करायचं होतं," असं तो परवा मला म्हणाला, आणि मला खरंच भरून आलं.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. कॉलेजच्या प्रवेश कक्षातून विचारत होते, दुसऱ्या फेरीत सीट अपग्रेड करायची इच्छा आहे का?

"आहे ना!" तो म्हणाला. "स्किन आहे का हो?"