शाळेवाचून शाळामंडळ

न्यू जर्सी या अमेरिकेतील चिमुकल्या राज्यात सुमारे 600 शालेय जिल्हे नांदतात, आणि बहुतेकांना स्वतंत्र शिक्षणमंडळ, स्वतंत्र अंदाजपत्रक व अर्थातच स्वतंत्र स्वाभिमान असतो. त्यांतील काही मंडळांपाशी तर हा सर्व सरंजाम असूनही शाळा तेवढी नव्हती. गावची मुले शुल्क भरून शेजारच्या गावी धाडावीत आणि इकडे बैठका, ठराव व दफ्तर मात्र यथासांग चालवावे, असा हा निष्काम कर्मयोग आवरता घेण्यासाठी अखेर 2009 साली कायदाच करावा लागला.

शालेय जिल्ह्यांच्या विलीनीकरणाचा विषय निघाला की लोक बालकांच्या हिताविषयी बोलू लागतात. पण शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता-करातून निघत असल्यामुळे, शेजारच्या गरीब वस्तीतील मुलांचा बोजा आपल्या घरपट्टीवर पडेल ही धास्तीच त्या वक्तृत्वाच्या मुळाशी बहुधा असते. म्हणून मग सामायिक सेवांचा सोज्ज्वळ मार्ग निघतो: बसगाड्या सामायिक, हिशेबनीस सामायिक, खरेदीखाते सामायिक, फक्त वर्गातील बाके तेवढी सामायिक नकोत!

ही व्यवस्था विलीनीकरणाची पूर्वतयारी होय, असे जे मुत्सद्दी गृहस्थ सांगतात, त्यांनी शेजारच्या न्यूयॉर्क राज्याकडे पाहावे. तेथे 1948 साली जिल्ह्यांच्या सामायिक सेवांसाठी ‘बोसीस’ नामक मंडळे स्थापन झाली, तीही तात्पुरती सोय म्हणून. आज ती 37 आहेत.